फळमाश्यांच्या बाटल्यांत प्रजाती वेगळी होण्याची पहिली पायरी: महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी कृती

एका प्रजातीच्या दोन प्रजाती होतात तेव्हा दोन गटांमधलं प्रजनन अडलेलं असतं. रंग, आकार, आवाज यांतले फरक आधी नजरेत भरतात, पण गट एकमेकांत मिसळत राहिले तर असे फरक सहसा टिकत नाहीत. पालघाटच्या खिंडीच्या उत्तरेला निलगिरीत एक शोलाकिळी राहते आणि दक्षिणेला अण्णामलई-पळनीत दुसरी. उंचावरच्या गार शोला जंगलातला हा पक्षी खिंडीतला उष्ण, सखल पट्टा ओलांडत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या जनुकांची ये-जा थांबली आणि पुढे दोघी आपापल्या वाटेने बदलत गेल्या. डोंगरात याला लाखो वर्षं लागतात. या वाटेची पहिली पायरी मात्र प्रयोगशाळेत साधारण वर्षभरात तपासता येते.

संशोधक डायेन डॉड यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हा त्याचा उत्तम नमुना आहे. त्यांनी ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीच्या एकाच मूळ समूहातून आलेले काही गट स्टार्चच्या अन्नावर आणि काही माल्टोज या साखरेच्या अन्नावर वाढवले. नंतर दोन्हींना एकत्र सोडलं, तेव्हा स्टार्चवाल्या माश्या स्टार्चवाल्यांशी आणि माल्टोजवाल्या माल्टोजवाल्यांशी जास्त प्रमाणात जुळल्या. जोडीदार निवडण्यासाठी कोणीही त्यांची निवड केलेली नव्हती. निवड होत होती ती अन्न पचवण्याची, आणि गटांमधल्या मीलनाला अडसर तिच्या जोडीने आपोआप आला. हीच गोष्ट विद्यार्थ्याच्या हातून घडावी यासाठी ही कृती. आपल्याकडे सहज मिळणारी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर वापरायची आहे. अडसर दिसेलच याची खात्री नाही. प्रयोग नीट मांडला असेल तर 'दिसला नाही' हे उत्तरही पक्कं असतं.

माश्या कुठून आणायच्या

इथली चूक वर्ष संपल्यावर उघडी पडते. प्रयोगशाळांमधले ओरेगॉन-आर किंवा कॅंटन-एस हे वाण कित्येक दशकं बाटल्यांत वाढलेले आहेत, त्यांच्यात जनुकीय विविधता फार कमी उरली आहे. निवडीला वेचण्यासाठी आधी फरक हवेत, ते नसतील तर पन्नास पिढ्यांनंतरही दोन्ही गट तसेच राहतील. म्हणून माश्या रानातून, म्हणजे फळबाजारातून, बागेतून किंवा रसवंतीच्या चोथ्यावरून आणाव्यात.

पिकलेलं केळं चिमूटभर यीस्ट घालून एक दिवस आंबवा आणि बाटलीत ठेवा. तोंडाला कागदाचं नरसाळं लावा. सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या सुमारास माश्या जास्त येतात. पकडलेल्या माश्या एकत्र सोडू नका. एका व्हायलमध्ये, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या नळीसारख्या बाटलीत, एकच मादी ठेवा. रानातली मादी बहुतेक वेळा आधीच मीलन झालेली असते, त्यामुळे ती एकटीच अंडी घालते. तिचे मुलगे भिंगाखाली पाहून प्रजाती ठरवा. डोक्यापासून पाठीवर पांढरे पट्टे उतरलेले दिसले तर ती झॅप्रिओनस ही वेगळी माशी, काढून टाका. मेलॅनोगॅस्टरच्या नराचं पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायाच्या पहिल्या टार्सल खंडावर (पावलाच्या पहिल्या पेरावर) काळ्या दातांची एकच छोटी फणी असते. अनानासी आणि बायपेक्टिनेटा या ड्रोसोफिलाच्या दुसऱ्या प्रजाती आपल्याकडे मुबलक आहेत, त्यांच्या फण्यांची रचना वेगळी असते. सिम्युलन्स नावाची जवळची बहीण फणीवरून ओळखता येत नाही. तिच्यासाठी नराच्या जननांगाजवळची कमान पाहावी लागते. ही तपासणी टाळली तर प्रयोगाच्या शेवटी दिसणारा 'अडसर' मुळातल्या दोन प्रजातींमधला निघेल.

खात्रीच्या अशा किमान ३० माद्यांची संतती एकत्र करा. साध्या अन्नावर तीन पिढ्या मिसळू द्या. हा मूळ समूह.

अन्न

साधं अन्न, १ लिटर पाण्याला: मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, सुकं यीस्ट १८ ग्रॅम, अगर १० ग्रॅम.

स्टार्चचं अन्न, १ लिटरला: मक्याचा स्टार्च (वाण्याकडे मिळणारं साधं कॉर्नफ्लॉवर, रंग-वास न घातलेलं) ५० ग्रॅम, सुकं यीस्ट १५ ग्रॅम, अगर ८ ग्रॅम.

माल्टोजचं अन्न, १ लिटरला: माल्टोज ५० ग्रॅम, सुकं यीस्ट १५ ग्रॅम, अगर १२ ग्रॅम.

अगर (अन्न घट्ट करणारी पूड) आधी पाण्यात उकळून पूर्ण विरघळवा. स्टार्च वेगळ्या गार पाण्यात कालवून मग उकळत्यात ओता, नाहीतर गुठळ्या होतात आणि अळ्या त्या चुकवून बाकीचं खातात. यीस्ट घातल्यावर दहा मिनिटं उकळू द्या, ते मरायला हवं. जिवंत राहिलेलं यीस्ट माल्टोजवर भराभर वाढतं आणि तिथल्या अळ्यांना जास्तीचं खाद्य मिळतं. मिश्रण ६० अंश सेल्सिअसच्या खाली आल्यावर लिटरमागे ५ मिली प्रोपिओनिक आम्ल आणि १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन घाला, दोन्ही बुरशी रोखण्यासाठी. त्याआधी घातलं तर आम्ल वाफेबरोबर जातं आणि चौथ्या दिवशी बुरशी दिसते.

यीस्टचं प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखं हवं आणि ते वाढवण्याचा मोह टाळायला हवा. स्टार्चवर माश्या कमी निघतात, म्हणून यीस्ट ४० ग्रॅम करावंसं वाटतं. मग अळ्या यीस्टवरच जगतात, स्टार्च पचतो की नाही याला काही अर्थ उरत नाही आणि निवडीचा दाबच संपतो. अन्न थोडं त्रासदायकच असायला हवं.

पहिल्या दिवसापासून पूर्ण स्टार्च दिला तर समूह कोसळण्याची भीती असते. पहिल्या दोन पिढ्या साधं अन्न, पुढच्या तीन पिढ्या साधं आणि स्टार्चचं निम्मं-निम्मं, सहाव्या पिढीपासून निव्वळ स्टार्च, असं करा. माल्टोजचं वेळापत्रकही हेच ठेवा. एखाद्या पिढीत १०० पेक्षा कमी प्रौढ निघाले तर एक पायरी मागे या. मोजक्या माश्यांवरून पुढची पिढी काढली तर योगायोगाने विविधता गळते, आणि नंतर दिसणारा फरक निवडीचा की नशिबाचा हे सांगता येत नाही.

गट आणि चौदा दिवसांचं चक्र

मूळ समूहातून सहा गट करा. स्टार्चचे तीन (स१, स२, स३) आणि माल्टोजचे तीन (म१, म२, म३). प्रत्येकी एकच गट ठेवण्याची काटकसर करू नका. कोणतेही दोन गट वेगळे ठेवले की ते काही ना काही बाबतीत वेगळे होतातच. स१ आणि स२ एकमेकांपासून तितकेच लांब राहिलेले असूनही बिनदिक्कत जुळतात, स१ आणि म१ मात्र जुळायला कचरतात, असं दिसलं तरच अडसराचं कारण अन्नाशी निगडित निवड आहे असं म्हणता येतं.

तापमान २५ अंश, दिवस-रात्र बारा-बारा तास. या तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, चक्र चौदा दिवसांचं ठेवलं की कामाचा वार कायम राहतो. तेराव्या दिवशी एका गटाचे सगळे प्रौढ एका पिंजऱ्यात एकत्र करा आणि त्यांच्याच अन्नाची, वर यीस्टचा पातळ लेप दिलेली पेट्री डिश रात्रभर ठेवा. चौदाव्या दिवशी ओल्या कुंचल्याने अंडी मोजून उचला. ८ मिली अन्नाच्या व्हायलमध्ये ७० अंडी, गटाला दहा व्हायल. मोजणी कंटाळवाणी आहे, पण गर्दीचा ताण ही स्वतंत्र निवड आहे. एका गटात ७० आणि दुसऱ्यात ३०० अंडी पडली तर माश्या अन्नाबरोबर गर्दीशीही जुळवून घेतील आणि तुमची तुलना बिघडेल. सहा गटांना एका पिढीला व्हायलसाठी सुमारे अर्धा लिटर अन्न लागतं, पिंजऱ्यातल्या डिश आणि फुकट जाणारं धरून एक लिटर.

जुन्या व्हायल लगेच धुवायला टाकू नका. पुढच्या पिढीत कोष दिसेपर्यंत राखीव ठेवा. दिवे गेले, इन्क्युबेटर बंद पडला, तर तोच आधार.

अशा २५ पिढ्यांना ३५० दिवस लागतात. जूनमध्ये सुरुवात केली तर पुढच्या मे महिन्यात चाचणी येते, म्हणून वर्ग बदलताना काम कोणाकडे जाणार हे आधीच ठरवा आणि अंड्यांची, प्रौढांची मोजणी एकाच वहीत लिहा. शक्य असेल तर चाळीस पिढ्यांपर्यंत थांबा, अडसर असला तर तो तेव्हा अधिक स्पष्ट होण्याची शक्यता आहे.

काय बिघडतं

सर्वांत मोठा घात गटांच्या सरमिसळीने होतो. दर पिढीला एखाद-दुसरी माशी जरी या गटातून त्या गटात गेली, तरी वेगळेपण जमायला फार अडचण होते. डोंगरातही हेच आहे, खिंड ओलांडणारे थोडे पक्षी असले तरी दोन बाजू एकच राहू शकतात. म्हणून स्टार्चचं काम एका दिवशी, माल्टोजचं दुसऱ्या दिवशी करा. कुंचले, नरसाळी, पिंजरे वेगळे, चिकटपट्टीचे रंग वेगळे. टेबलावर सुटलेली माशी कधीही बाटलीत परत टाकायची नाही, ती कोणत्या गटातली हे नक्की ठाऊक आहे असं वाटलं तरी.

उष्णता दुसरी. तापमान ३० अंशांच्या आसपास राहिलं तर नर वांझ होऊ लागतात. माश्या धडधाकट दिसतात आणि अंडी फुटत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये बीओडी इन्क्युबेटरशिवाय (गार करून तापमान कायम ठेवणाऱ्या कपाटाशिवाय) हा प्रयोग करू नये. नर वांझ झाल्यावर गट गार जागी हलवला तर काही दिवसांत बरेच नर सावरतात, पण ती पिढी आकसलेली असते, वहीत तशी नोंद हवी.

पावसाळ्यात बुरशी आणि माइट (बारीक कोळीकीटक) येतात. बुरशीवर उपाय म्हणजे अन्न ओतल्यावर व्हायलच्या भिंतीवरचं पाणी सुकेपर्यंत मलमलीखाली ठेवणं, त्यानंतरच कापसाचा बोळा. माइट माशीच्या अंगावर बसून एका व्हायलमधून दुसऱ्यात जातात आणि एकदा शिरले की सगळ्या गटांत पसरतात. रॅकच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या बशा ठेवा, तीन आठवड्यांपेक्षा जुनी व्हायल खोलीत ठेवू नका आणि रानातल्या नव्या माश्या या खोलीत आणूच नका.

चाचणीआधीची पिढी

चाचणीच्या आधी सहाही गट एक पूर्ण पिढी साध्या अन्नावर वाढवा. डॉड यांनीही तसंच केलं होतं. दोन पिढ्या केल्या तर अधिक चांगलं. माशीच्या अंगावरचा वास आणि आतड्यातले जिवाणू अन्नावर अवलंबून असतात. स्टार्चवरून थेट उचललेली माशी स्टार्चच्या वासाच्या माशीला पसंत करत असेल तर तो जेवणाचा परिणाम झाला, वारशाने येणारा नव्हे. २०१० साली इस्रायलमधल्या संशोधकांनी मेलॅनोगॅस्टरमध्ये अन्न बदलल्यावर एकाच पिढीत अशी पसंती दिसल्याचं आणि प्रतिजैविकं दिल्यावर ती नाहीशी झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०१७ सालच्या दुसऱ्या एका गटाच्या कामात मात्र तसा परिणाम मिळाला नाही. वाद काहीही असो, साध्या अन्नावरची ही पिढी गाळलेला निकाल कोणी मान्य करणार नाही.

या पिढीतून व्हर्जिन, म्हणजे अजून मीलन न झालेल्या, माद्या गोळा करायच्या आहेत. मेलॅनोगॅस्टरची मादी कोषातून निघाल्यावर सुमारे आठ तास नराला स्वीकारत नाही. सकाळी सगळ्या व्हायल पूर्ण रिकाम्या करा, त्यानंतर सहा तासांच्या आत निघालेल्या माद्या वेगळ्या करा. अंग फिकट आणि पोटावर खालच्या बाजूने काळसर ठिपका असलेली माशी नुकतीच निघालेली असते. नर-माद्या वेगवेगळ्या व्हायलमध्ये, दहा-दहा. माद्यांच्या व्हायलमध्ये तीन दिवसांनी अळ्या दिसल्या तर ती व्हायल बाद.

ओळख पटण्यासाठी चाचणीच्या आदल्या दिवशी एका गटाला लाल आणि दुसऱ्याला निळा खाद्यरंग घातलेलं अन्न द्या, पोटातून रंग दिसतो. निम्म्या चाचण्यांत रंगांची अदलाबदल करा, रंगाचा स्वतःचा काही परिणाम असेल तर तो अशाने कटतो. बेशुद्ध करायचं असेल ते या दिवशीच. ईथर किंवा बर्फावरून उठलेली माशी काही तास नीट वागत नाही, म्हणून चाचणीच्या दिवशी माश्या तोंडाने ओढायच्या नळीनेच हलवा. नळीच्या टोकाला जाळी लावायला विसरू नका.

मीलनाची चाचणी

माश्या तीन ते पाच दिवसांच्या असाव्यात. ९ सेंमी व्यासाच्या पेट्री डिशच्या झाकणाला एक भोक पाडून बोळा लावा, झालं चेंबर. सकाळी दिवा लागल्यावर तासाभरात सुरुवात करा. आधी दोन्ही गटांच्या १२-१२ माद्या, पाच मिनिटांनी दोन्ही गटांचे १२-१२ नर. दर दोन मिनिटांनी पाहा. मेलॅनोगॅस्टरची जोडी साधारण पंधरा ते वीस मिनिटं जुळलेली राहते, त्यामुळे नजरेतून सुटत नाही. जुळलेली प्रत्येक जोडी नळीने हलकेच बाहेर काढा आणि मादी कोणती, नर कोणता हे लिहा. बारा जोड्या झाल्या की थांबा. शेवटपर्यंत चालू ठेवलं तर उरलेल्यांना पर्यायच राहत नाही, त्या नाइलाजाने जुळतात आणि पसंती पुसली जाते.

एका तुलनेला ६० जोड्या, म्हणजे पाच चेंबर. स-म अशा नऊ तुलना आणि एकाच अन्नाच्या गटांमधल्या सहा (स१-स२, स१-स३, स२-स३, तसंच माल्टोजच्या). एकूण ७५ चेंबर. दोघांना एका सकाळी चार चेंबर झेपतात, म्हणजे जवळजवळ वीस सकाळी. तेवढ्या दिवसांत योग्य वयाच्या माश्या मिळाव्यात म्हणून साध्या अन्नावरची पिढी तीन-तीन दिवसांच्या अंतराने सुरू करा. नोंदणाऱ्याला गट माहीत नसावा, फक्त रंग माहीत असावा.

आकडे वाचणं

डॉड यांच्या कामातल्या एका तुलनेचे आकडे घेऊ. स्टार्च मादी-स्टार्च नर २२, स्टार्च मादी-माल्टोज नर ९, माल्टोज मादी-स्टार्च नर ८, माल्टोज मादी-माल्टोज नर २०. सजातीय (एकाच गटातल्या नर-मादीच्या) जोड्या ४२, मिश्र १७, एकूण ५९. निर्देशांक म्हणजे सजातीय वजा मिश्र, भागिले एकूण: २५ भागिले ५९, म्हणजे ०.४२. शून्य म्हणजे पसंती नाही, एक म्हणजे पूर्ण अडसर. एकाच अन्नाच्या दोन गटांच्या तुलनेत आकडे १८, १५, १२, १५ असे होते. सजातीय ३३, मिश्र २७, निर्देशांक ०.१०. फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारा काय-वर्ग (chi-square) काढला तर पहिल्याचा सुमारे १०.६ येतो आणि दुसऱ्याचा ०.६. ५ टक्के पातळीची मर्यादा ३.८४ आहे, म्हणजे पहिला फरक योगायोगाचा म्हणता येत नाही, दुसरा म्हणता येतो.

साठ जोड्यांवर निर्देशांक साधारण ०.२५ च्या वर गेला तरच तो योगायोगापलीकडचा मानता येतो, १२० जोड्यांवर ०.१८ पुरतो. अडसर सौम्य असण्याची शंका असेल तर जोड्या वाढवा.

चारही आकडे वेगवेगळे पाहणं मात्र चुकवू नका. समजा स्टार्च माद्यांनी १० स्टार्च नर आणि २० माल्टोज नर घेतले, माल्टोज माद्यांनीही १० आणि २० च घेतले. इथे निर्देशांक शून्य येतो आणि तो बरोबर आहे. माल्टोजचे नर जास्त जोमदार आहेत, सगळ्याच माद्यांना ते मिळवतात, गटांमध्ये दुरावा नाही. विद्यार्थी इथे हमखास फसतात, कारण एका ओळीत मोठा फरक दिसला की तोच अडसर वाटतो.

दुसरी खबरदारी: नऊ स-म तुलना या नऊ स्वतंत्र साक्षी नाहीत. त्या तीन आणि तीन गटांतूनच आल्या आहेत. स२ एकटाच विचित्र वागत असेल तर तो तीन तुलनांत दिसेल. म्हणून गटवार सरासरी मांडा आणि स२ वगळूनही कल टिकतो का ते पाहा.

अडसर दिसला तर पुढे

०.४ चा निर्देशांक म्हणजे नवी प्रजाती नव्हे. मिश्र जोड्या होतच आहेत आणि बाटल्या एकत्र केल्या तर काही पिढ्यांत सगळं मिसळून जाईल. मिश्र जोडीच्या संततीचं काय होतं हे तपासणं ही पुढची कृती. स मादी-म नर आणि म मादी-स नर अशा दोन्ही दिशांच्या किमान २० जोड्या स्वतंत्र व्हायलमध्ये ठेवा. अंडी किती फुटली, प्रौढ किती निघाले, त्यांतले नर आणि माद्या किती हे मोजा. संकर (मिश्र जोडीतून झालेल्या) नरांना एकेका व्हर्जिन मादीबरोबर ठेवून संतती येते का पाहा. दोन गटांमध्ये जननक्षमतेचा बिघाड सुरू होतो तेव्हा माश्यांमध्ये तो बहुधा आधी संकर नरांत दिसतो. इतक्या कमी पिढ्यांत तो सापडण्याची अपेक्षा ठेवू नका. सगळे संकर नर जननक्षम निघाले तर तोच अपेक्षित निकाल आहे.

संकर संतती स्टार्चवर आणि माल्टोजवर वाढवूनही पाहण्यासारखी असते. ती दोन्हीकडे आपल्या आई-बापांच्या गटांपेक्षा मागे पडत असेल तर मिश्र जोडी करणाऱ्या माशीचं नुकसान होतं आणि अडसर आणखी घट्ट होण्याला कारण मिळतं. हे पाहायचं असेल तर चाचणी झाल्यावरही सहा गट मोडू नका. काम संपलेल्या व्हायल दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून मगच धुवा. वर्षभर निवडलेल्या माश्या खिडकीतून बागेत सोडायच्या नाहीत.